मनांत असणें आणि हातून होणें

दावीद राजाच्या मनांत परमेश्वराच्या नांवासाठीं मंदिर बांधावें असें होतें. परंतु तें त्याच्या हातून झालें नाहीं, त्याचा पुत्र शलमोन याच्या हातून झालें. मंदिराच्या समर्पणाच्या दिवशीं शलमोनानें जमलेल्या लोकांस जें सांगितलें त्यांत असा मजकूर आहे कीं, दाविदाच्या मनांत ही इच्छा आली हें परमेश्वरास बरें वाटलें. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांतील हें वचन पुष्कळ ख्रिस्ती जनांस फार समाधानाचें वाटतें. आपल्या हातून कांहीं झालें नाहीं, तरी मनांत तर होतें ना; मग देव तेंच जमेस धरील, असा त्यांचा ग्रह होतो. हा ग्रह खरा आहे काय? चांगली योजना मनांत असणें आणि ती तडीस नेणें या दोहोंत जें अंतर आहे, तें देवाच्या दृष्टीनें कांहींच नाहीं काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. आमच्या खेडेगांवांतील मंडळ्यांत तो दर वर्षीं उभा राहतो, आणि बहुधा वार्षिक सभेच्या दुसऱ्या दिवशीं उभा राहतो.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जो फिरला असेल त्यास ठाऊक आहे कीं, या भागांत धंद्याच्या कल्पनांचा तुटवडा नाहीं. आसनगांव, आटगांव, खर्डी येथून आगगाडीनें मुंबई दोन अडीच तासांवर. मुरबाडहून कल्याणचा बाजार त्याहूनहि जवळ. रानांत मोहाचीं फुलें, करवंदें, जांभळें, हिरडा, मध. तरुण शिकलेले, कांहीं पदवीधर, आणि बहुतेक काम शोधीत असलेले. अशा ठिकाणीं सायंकाळीं चार माणसें एका ओट्यावर बसलीं कीं, कोंबड्यांची, शेळ्यांची, भाजीपाल्याची, पत्रावळीची अशी एक ना एक योजना निघतेच. कोणी कागद काढतो, कोणी भांडवल मांडतो, कोणी नफा मांडतो. नफा मांडणारा नेहमी असतो. एक वर्षानें त्याच ओट्यावर आपण गेलों तर तीच माणसें भेटतात, तशींच प्रेमळ, तशींच उत्साही. योजना मात्र दुसरी असते. पहिलीचें काय झालें असें विचारणें उद्धटपणाचें वाटतें, म्हणून कोणी विचारीत नाहीं.

मला दुसऱ्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार नाहीं, हें पुढील हकिकतीवरून दिसेल. कांहीं वर्षांपूर्वीं मुरबाडकडील एका लहान मंडळींत करवंदांचें लोणचें घालून विकावें अशी सूचना आली. सूचना माझीच होती. सर्वांस ती पसंत पडली, प्रार्थना झाली, घरटीं दोनशें रुपये वर्गणी ठरली, ठराव मीं स्वतः लिहिला, कारण सभेचा चिटणीस मीच होतों. चाळीस बरण्या कल्याणहून आणल्या. कच्चीं करवंदें अमुक दिवशीं प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर आणावीं, तेथें तीं मोजून रोख पैसे मिळतील, असें पाड्यापाड्यावर कळविलें. हें सर्व अगदीं यथासांग झालें. मीठ, मोहरी आणि तेल कोणीं आणावयाचें हें मात्र ठरलें नव्हतें, आणि खरेदीचे पैसे कोणाच्या हातीं ठेवावयाचे हेंहि ठरलें नव्हतें. ज्या गृहस्थांकडे तें काम असावें अशी प्रत्येकाची समजूत होती, त्यांची समजूत तें माझ्याकडे आहे अशी होती. त्या आठवड्यांत मला एका लग्नासाठीं नगरास जावें लागलें. परत आलों तेव्हां ओट्यावर पांच टोपल्या होत्या, आणि त्यांतील करवंदें काळीं पडून त्यांस चिलटें लागलीं होतीं.

त्या पांचांपैकीं दोन टोपल्या एका विधवा बाईच्या होत्या. करवंदाच्या जाळींत हात घालणें म्हणजे काय हें ज्यानें तें केलें आहे त्यासच ठाऊक. कांटे कोपरापर्यंत ओरबाडतात, आणि चीक बोटांस चिकटून राहतो तो दोन दिवस जात नाहीं. ती बाई एक दिवसाची मजुरी बुडवून पहांटे डोंगरांत गेली होती, आणि ओट्यावर दुपारपर्यंत बसून परत गेली होती. मी तिच्या घरीं गेलों तेव्हां मीं तयार केलेलें क्षमेचें भाषण तिनें ऐकून घेतलें नाहीं. “मास्तर, टोपल्या तेवढ्या परत द्या,” इतकेंच ती म्हणाली. पैशांविषयीं ती बोलली नाहीं. मीं पैसे देऊं केले ते तिनें घेतले, पण त्यांत कांहीं विशेष आहे असें तिच्या मुद्रेवर दिसलें नाहीं. बाहेरून येऊन सांगणाऱ्यांचा तिला बराच अनुभव असावा.

त्या दिवसापासून राजांच्या पुस्तकांतील तें वचन मला पूर्वींसारखें वाचतां येईना. माझ्या मनांत होतें, हें खरें. आणि चांगलें होतें, हेंहि खरें. मग चूक कोठें झाली? विचार करतां असें दिसून आलें कीं, कल्पना जोंपर्यंत एकट्याच्या मनांत असते तोंपर्यंत ती त्याची स्वतःची असते. ती वाढो, सुको, तिचा जाब दुसऱ्या कोणास द्यावयाचा नसतो. परंतु ज्या क्षणीं ती चार लोकांस सांगितली, आणि त्या चारांपैकीं एकानेंहि तिच्यावर विसंबून आपला दिवस, आपली दमडी किंवा आपली आशा तिच्या पदरांत टाकली, त्या क्षणीं ती कल्पना राहत नाहीं. तें वचन होतें. आपण मात्र तिला कल्पनाच म्हणत राहतों, कारण कल्पना मोडली तर पाप लागत नाहीं अशी आपली समजूत असते. वचन मोडणाऱ्यास आपण लबाड म्हणतों. ठराव करून विसरणाऱ्यास उत्साही म्हणतों.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभूनें बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. पाया घालण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब न करणारा मनुष्य पाहणाऱ्यांच्या उपहासास पात्र होतो. प्रभूचा मुख्य उद्देश शिष्यपणाची किंमत सांगण्याचा होता, हें मला माहीत आहे. तरी दृष्टांतांतील मनुष्य शेवटीं बुरूजच बांधीत होता, आणि ज्यांनीं त्यास दगड पुरविले, ज्या गवंड्यांनीं पाया खणला, त्यांची मजुरी मिळाली कीं नाहीं हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. धन्यास लाज वाटली असेल. मजुराच्या चुलीचें काय झालें? धनवानाची अर्धवट राहिलेली योजना म्हणजे एक गमतीची गोष्ट असते. गरिबाच्या दारांतून गेलेली अर्धवट योजना त्याचा एक दिवस, एक हंगाम, कधीं कधीं एक वर्ष घेऊन जाते. आणि हंगाम तर कोणासाठीं थांबत नाहीं. कच्चें करवंद पंधरा दिवसांत पिकूं लागतें, आणि मग तें लोणच्याच्या कामाचें राहत नाहीं.

याच्या उलट एक उदाहरण शहापूर तालुक्यांतच घडलें आहे, आणि तें आमच्या मंडळ्यांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. कातकरी समाज आपणां सर्वांस ठाऊक आहे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणें हा त्यांचा पूर्वींचा धंदा. त्यावरूनच त्यांचें नांव पडलें. इंग्रजी अमदानींत जंगलें राखीव झालीं आणि तो धंदा मोडला. तेव्हांपासून ज्यांस शेत नाहीं, वतन नाहीं, अशा या लोकांपैकीं पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर ठाणें व रायगड जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून पावसाळ्यांतच उचल घेतलेली असते; ती फिटेपर्यंत नवरा, बायको आणि पोरें तेथेंच माती तुडवितात, आणि पोरांची शाळा तेथेंच संपते. अशा समाजांतील सुनील पवार नांवाच्या एका तरुणानें आपल्या मित्रांसह गुळवेल गोळा करून विकण्याचें काम हातीं घेतलें. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या नांवानें त्यांनीं तें चालविलें, आणि पुढें केंद्र सरकारच्या वनधन योजनेची जोड त्यास मिळाली. ही योजना २०१८ सालीं सुरू झाली. वीस वीस जणांचे पंधरा बचत गट मिळून तीनशें सभासदांचें एक केंद्र व्हावें, आणि रानांतील माल कच्चा न विकतां त्यावर कांहीं संस्कार करून विकावा, असा तिचा आराखडा आहे.

गुळवेल कोणीं पाहिली नाहीं? आंब्यावर, निंबावर, कुंपणावर ती चढलेली असते. तापावर तिचा काढा आपल्या आज्या देत असत. तिला अमृता असेंहि नांव आहे. बुंध्यापाशीं तोडली तरी वर लोंबणाऱ्या वेलीपासून सुतासारखीं मुळें खालीं सुटतात, आणि तीं जमिनीस लागलीं म्हणजे वेल पुन्हां धरते. अशी फुकट मिळणारी वस्तु विकण्याची कल्पना सुचण्यास फार बुद्धि लागते असें नाहीं. शहापुरांत ती शेंकडों लोकांस सुचली असेल. अवघड काम सुचल्यानंतरचें आहे. वेल रानांतून तोडून आणावयाची, पण मूळ राखून आणावयाची. तिचे तुकडे करावयाचे. उन्हांत दिवसेंदिवस फिरवून वाळवावयाचे. वाळतांना वजन घटतें, आणि टोपलीभर माल आणणाऱ्यास तें घटलेलें वजन समजावून सांगावें लागतें. माल ओला राहिला तर बुरशी धरते, आणि बुरशी धरलेला एक पोता साऱ्या गाडीचें नांव घालवितो. मग कुटणें, चाळणें, भरणें, आणि औषधें करणाऱ्या कंपनीस हवा तसा, हवा तितका, हव्या त्या दिवशीं पोंचविणें. यांतील एकहि काम असें नाहीं कीं ज्याविषयीं सभेंत टाळ्या पडाव्या.

या तरुणांनीं आरंभ लहान केला. प्रथम ते स्थानिक बाजारांत कच्ची गुळवेलच विकीत असत. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी आली तेव्हां, रस्ते बंद, गिऱ्हाईक बंद, असें म्हणून हात आखडण्यास त्यांस पुरेसें कारण होतें, आणि कोणीहि त्यांस दोष दिला नसता. परंतु ज्या लोकांनीं माल आणावयाचा त्यांस त्या दिवसांत दुसरी मजुरीच नव्हती, हेंहि त्यांस दिसत होतें. त्यांनीं खरेदी बंद केली नाहीं. जूनअखेरपर्यंत त्यांनीं ३४,००० किलोंहून अधिक गुळवेल गोळा केली. पुढें डाबर, हिमालय अशा मोठ्या कंपन्यांच्या मागण्या आल्या. २०२१ सालीं सरकारनें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत एक कोटि सत्तावन्न लाख रुपयांच्या मागणीचा उल्लेख आहे. वर्तमानपत्रांनीं तो आंकडा मोठ्या अक्षरांत छापला. मला त्यापेक्षां ते चौतीस हजार किलो अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण कोटीची मागणी ही दुसऱ्यानें दिलेली गोष्ट होय. टाळेबंदींत आलेली प्रत्येक मोळी तोलून घेणें ही त्यांनीं स्वतः राखलेली गोष्ट होय.

येथें कोणी विचारील, आणि विचारणें रास्त आहे, कीं मग आरंभिलेलें प्रत्येक काम मनुष्यानें मरेपर्यंत धरून बसावें काय? योजना चुकीची आहे असें कळल्यावरहि? हट्ट आणि निष्ठा यांत भेद नाहीं काय? भेद आहे, आणि तो पाहण्यास आपल्याच मिशनांच्या इतिहासांत एक चांगलें ठिकाण आहे. बासेल मिशनचे लोक १८३४ सालीं मंगळुरास आले. ख्रिस्ती झालेल्या लोकांस जातीनें टाकिलें, त्यामुळें त्यांचे धंदे गेले, आणि त्यांस पोटास काय द्यावें हा प्रश्न उभा राहिला. मिशनऱ्यांनीं शेती करून पाहिली, घड्याळें करून पाहिलीं. तीं कामें टिकलीं नाहींत. तीं त्यांनीं सोडून दिलीं. १८५१ सालीं हालर नांवाचा विणकर आला आणि मागांचें काम बसलें; १८६५ सालीं प्लेब्स्ट यानें नेत्रावतीच्या कांठच्या मातीचीं कौलें भाजण्यास आरंभ केला, आणि पुढें मंगळुरी कौलें साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. शहापूर व मुरबाडकडे अजूनहि जुन्या घरांवर तीं दिसतील. आमच्या कित्येक प्रार्थनामंदिरांवरहि तींच आहेत. घड्याळांचा उद्योग सोडल्याबद्दल त्या मिशनरी लोकांस कोणी दोष देईल असें मला वाटत नाहीं. कारण कामकरी लोकांस काम मिळवून देणें हें त्यांनीं आरंभिलें होतें, आणि तें त्यांनीं सोडलें नाहीं. सोडला तो मार्ग. आणि मार्ग सोडावयाचा असेल तर तो सांगून सोडतां येतो. हिशेब पुरा करावा, घेतलेला माल तोलून पैसे द्यावे, वर्गणी परत करावी, आणि ज्या सभेंत आरंभाचा ठराव झाला त्याच सभेंत, त्याच वहींत, बंद केल्याचा ठराव लिहावा. आमच्या मंडळ्यांच्या वह्या मीं पुष्कळ चाळल्या आहेत. आरंभाचे ठराव त्यांत विपुल आहेत. बंद केल्याचा ठराव मला एकहि आढळला नाहीं. योजना आमच्याकडे मरत नाहींत, त्या फक्त बेपत्ता होतात.

कधीं कधीं नुसतें वाट पाहणें हेंच तडीस नेणें असतें, हेंहि विसरूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत लोखंडी नांगर तयार केले तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानांत माळरानावर किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. दोन वर्षें कोपऱ्यांत पडलेले नांगर पाहून घरच्यांनीं काय म्हटलें असेल, याची कल्पना कोणाहि गृहस्थास करतां येईल.

दुसरा एक आक्षेप अधिक जड आहे. पुरें होणें हेंच जर सर्व कांहीं असेल, तर शहापूर तालुका हा साऱ्या महाराष्ट्रांत धन्य समजावा लागेल. तानशाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. भातशाचें धरणहि पुरें झालें, आणि मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वांटा आज तेथून जातो. केवढीं कामें तीं, आणि किती नेटानें शेवटास नेलीं! तरी दर उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील पाड्यांवर पाण्याच्या टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या असतात. नळाची मोठी वाहिनी कांहीं गांवांच्या शिवारांतून जाते, आणि तिच्या सांध्यांतून गळणाऱ्या पाण्यावर घागरी भरल्या जातात. ज्यानें काम सांगितलें त्याच्या दृष्टीनें तें पुरें झालें. ज्याच्या जमिनीवर झालें त्याच्या दृष्टीनें तें अजून पुरें व्हावयाचें आहे. म्हणून एखादें काम संपलें कीं नाहीं हें कोणास विचारावें, हाच मूळ प्रश्न आहे असें मला वाटूं लागलें आहे. आराखडा काढणाऱ्यास विचारूं नये. जो त्या कामावर विसंबला, आणि ज्याचें त्या कामावांचून चालणें सर्वांत कठीण, त्यास विचारावें. लोणचें चाळीस बरण्या भरून मुंबईस विकलें गेलें असतें, आणि त्या विधवेच्या दोन टोपल्यांचे पैसे राहून गेले असते, तर माझ्या वहींत योजना पुरी झाली असती आणि देवाच्या वहींत नसती.

मुरबाड तालुक्यांतील फांगणें गांवच्या वृद्ध स्त्रियांनीं, आपणांसहि वाचतां आलें असतें तर, अशी इच्छा बोलून दाखविली, आणि जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनीं ८ मार्च २०१६ रोजीं त्यांच्यासाठीं शाळा सुरू केली. आजीबाईंची शाळा म्हणून ती देशोदेशीं गाजली. मला तिच्यांत विशेष हें वाटतें कीं, काम पुरें झालें कीं नाहीं हें सांगण्यास तेथें अहवाल लागत नव्हता. पाटीवर आपलें नांव लिहिणारी सत्तर वर्षांची बाईच तें सांगूं शकत होती.

आतां दाविदाकडे परत येऊं. त्याची इच्छा देवानें जमेस धरली हें खरेंच. पण इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा बाविसावा व अठ्ठाविसावा अध्याय जे वाचतील त्यांस दिसेल कीं, मंदिर आपल्या हातून होणार नाहीं असें कळल्यावर दावीद राजा स्वस्थ बसला नाहीं. त्यानें पाथरवट नेमले. दारांच्या खिळ्यांसाठीं लोखंड सांठविलें. गंधसरूचीं लांकडें आणविलीं. सोनें व रुपें वजन करून ठेविलें. आणि आराखडा लिहून तो लोकांच्या देखत मुलाच्या हातीं दिला. ज्याच्या मनांत खरोखरच होतें त्याच्या मनांत तें कसें होतें, याचा हिशेब त्या दोन अध्यायांत आहे. माझ्या मनांत करवंदांचें लोणचें होतें तेव्हां मीठ आणलेलें नव्हतें.

गेल्या चैत्रांत त्या मंडळीनें तें काम पुन्हां हातीं घेतलें. या वेळीं वर्गणी काढली नाहीं, ठरावहि केला नाहीं. दोन बहिणींनीं मीठ, मोहरी व तेल आधीं आणून ठेविलें, आणि खरेदीचे रोख पैसे त्यांपैकीं एकीच्या हातीं दिले. बरण्या त्याच जुन्या होत्या; तीन फुटल्या होत्या. दहाच बरण्या भरावयाच्या असें ठरलें होतें. ती विधवा बाई आली नाहीं, तिची सून आली. तिनें टोपली डोक्यावरून उतरविली नाहीं. आधीं भाव विचारला, मग पैसे मागितले, ते मोजले, पदरांत बांधले, आणि त्यानंतर टोपली ओट्यावर ठेविली.